निरंक: जत तालुक्यातल्या मॉर्फीनच्या गोळीचा पाठपुरावा

माहिती अधिकाराच्या अर्जाला सत्ताविसाव्या दिवशी उत्तर आलं. आम्ही तीनच गोष्टी विचारल्या होत्या. मागच्या तीन वर्षांत तालुक्याच्या रुग्णालयानं मॉर्फीनच्या, म्हणजे अफूपासून बनणाऱ्या तीव्र वेदनेवरच्या औषधाच्या, किती गोळ्यांची मागणी वर कळवली, किती आल्या आणि किती रुग्णांना दिल्या? तिन्ही प्रश्नांपुढं एकच शब्द टाइप केला होता: निरंक.

सरकारी आरोग्य सेवेत माझी एकतीस वर्षं गेली, त्यातली बहुतेक जत तालुक्यात. आधी आरोग्य सेविका, शेवटी आरोग्य सहायिका. दर महिन्याच्या अहवालात हा शब्द मीही लिहायचे. मातामृत्यू निरंक, अतिसाराची साथ निरंक. लिहिताना बरं वाटायचं, कारण निरंक म्हणजे गावात सगळं ठीक. या कागदावरचं निरंक मात्र मला वाचवेना. कॅन्सर झालेल्या आक्काला जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते, आणि तिचे शेवटचे महिने मी पाहिले होते.

हे प्रकरण आक्काचं आहे, आणि तिच्यामागं आम्ही काही जणांनी दोन-अडीच वर्षं जे केलं त्याचं. चुकांसकट लिहिते आहे. दुसऱ्या तालुक्यात कुणी हे काम हाती घेतलं तर त्यांचे निदान पहिले सात महिने वाचतील.

आक्का तालुक्याच्या पूर्व भागातली. तिकडं कर्नाटकाची हद्द जवळ, घरात मराठी आणि बाजारात कन्नड. लग्न होऊन आली तेव्हा सासूनं तिला मिश्री लावायला शिकवलं. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि बोटानं दातांना घासायची. सकाळी एकदा म्हणून सुरू होतं, मग भांगलणीला जाताना, जेवण झाल्यावर, झोपताना. आमच्या भागातल्या कितीतरी बायकांचा दिवस असाच जातो, आणि ते व्यसन आहे असं त्यांना कुणी म्हणत नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी आक्काच्या डाव्या गालात आतून जखम झाली. दुखत नव्हती म्हणून चार महिने कुणाला सांगितली नाही.

ऑपरेशन मिरजेत झालं. १८९४ साली डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी मिरजेत रुग्णालय सुरू केलं, तेव्हापासून आमच्याकडची आणि सीमेपलीकडची माणसं दुखणं घेऊन मिरजेलाच जातात. ऑपरेशन आणि रेडिएशन महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून झालं, घरच्यांना त्यासाठी जमीन विकावी लागली नाही. हे मुद्दाम सांगते, कारण सरकारी योजनेनं काहीच केलं नाही असं माझं म्हणणं नाही. योजना उपचार होते तोवर बरोबर होती.

वर्ष व्हायच्या आत मानेवर गाठ आली आणि गालाला आरपार भोक पडलं. तपासणाऱ्या डॉक्टरांनी मुलाला बाजूला घेऊन सांगितलं, "आता घरी न्या, जमेल तेवढी सेवा करा." नाकातून नळी घातलेली, कार्डावर पॅरासिटामॉल आणि ट्रॅमाडॉल. जागतिक आरोग्य संघटनेनं १९८६ साली कॅन्सरच्या वेदनेसाठी तीन पायऱ्यांची शिडी सांगितली: आधी पॅरासिटामॉलसारखी औषधं, मग कोडीन किंवा ट्रॅमाडॉल, त्यानंही भागलं नाही तर मॉर्फीन. आक्काला दुसऱ्या पायरीवर ठेवून घरी पाठवलं. तिसरी पायरी आहे हे घरात कुणाला माहीतच नव्हतं.

मुलगा ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेलेला, उचल घेतलेली, परत येणं शक्य नव्हतं. राहिली सून आणि आठ वर्षांचा नातू. जखमेच्या वासानं नातू शेजारी झोपायला जाऊ लागला. सून उदबत्त्या लावायची, पण वास त्याच्याही वर यायचा. मी पहिल्यांदा गेले तेव्हा शेजारणी ओसरीवर बसल्या होत्या, आत कुणी येत नव्हतं. त्यांना मी दोष देत नाही. मेट्रोनिडॅझोलची गोळी कुटून ती पूड जखमेवर टाकली की तो वास चार-पाच दिवसांत पुष्कळ कमी होतो. औषध साधं, तालुक्याला कुठल्याही दुकानात मिळणारं. एवढी गोष्ट डिस्चार्ज देताना सुनेला कुणी सांगितली असती, तर तो पोर आपल्या आजीजवळ झोपला असता.

वेदना मोजायला शून्य ते दहा आकडे विचारतात. आमच्या बायकांना ते लागू पडत नाही. मी विचारायचे, "आक्का, रुपयात किती आणे दुखतंय?" बोलणं तर गेलेलंच होतं. तिनं दोन्ही हातांची बोटं उघडली, मिटली, मग एक हात पुन्हा उघडला आणि वर एक बोट धरलं. सोळा. एका संध्याकाळी तिनं सुनेला खुणेनं मळ्यातली विहीर दाखवली. सून दुसऱ्या दिवशी पहाटेच माझ्याकडं आली, "सिस्टर, काहीतरी करा, मला ह्यांना घरात एकटं सोडून पाण्याला जायचीसुद्धा भीती वाटतीय."

मी तालुक्याच्या रुग्णालयात मॉर्फीन विचारलं. नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी ओळखीच्यांना विचारलं. एकानं सांगितलं, ते सरकारमान्य जागीच मिळतं. शेवटी दुसऱ्या शहरातल्या एका संस्थेत ते आहे असं कळलं, पण डॉक्टरांनी रुग्णाला एकदा तरी तपासल्याशिवाय लिहून देता येत नाही, आणि ते बरोबरच आहे. मग आक्काला जीपमध्ये मागच्या बाकावर आडवं घालून नेलं. प्रत्येक खड्ड्याला ती सुनेचा दंड आवळायची. त्या दंडावर पाच बोटांचे निळे वळ आठवडाभर होते. जीपचं भाडं साडेपाच हजार रुपये. मॉर्फीनची गोळी काही रुपयांना असते.

दहा मिलिग्रॅमच्या गोळ्या, दर चार तासांनी, कुटून पाण्यात विरघळवून नळीतून द्यायच्या. रात्रीचा डोस दुप्पट, म्हणजे मध्ये उठवावं लागत नाही. बरोबर पोट साफ व्हायचं औषध रोज, न चुकता, कारण मॉर्फीननं बद्धकोष्ठ होतोच. पहिल्या रात्री आक्का इतकी गाढ झोपली की सून घाबरली. नाकाखाली बोट धरून श्वास बघत ती उजाडेपर्यंत बसून होती. तिसऱ्या दिवशी गेले तर आक्का अंगणात बसलेली, सुपात जोंधळे घेऊन खडे निवडत होती. मला बघून तिनं चार बोटं दाखवली. चार आणे.

एकोणीस दिवस ती अशी जगली. मग गेली, शांतपणे. जखम बांधता बांधता गेलेले आधीचे चार महिने मात्र कुणी परत देऊ शकत नाही.

मला पहिल्यांदा वाटलं की कायदा आडवा येतोय. थोडं खरं होतं, पण ते जुनं खरं होतं. १९८५ साली अमली पदार्थांविरुद्धचा एनडीपीएस कायदा आला, त्यात किमान दहा वर्षांची सक्तमजुरी होती आणि मॉर्फीन ठेवायला वेगवेगळ्या खात्यांचे चार-पाच परवाने लागायचे. एकाची मुदत संपेपर्यंत दुसरा हातात यायचा नाही. रुग्णालयांनी आणि दुकानांनी ते ठेवणंच सोडून दिलं. १९८५ ते १९९७ या बारा वर्षांत देशातला मॉर्फीनचा वैद्यकीय वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घसरला. मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्यानं अफू पिकते, नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत तिच्यावर प्रक्रिया होते, आणि आपल्याच माणसाला गोळी मिळत नाही, अशी ती स्थिती होती. डॉक्टरांच्या पिढ्या मॉर्फीन न लिहिताच घडल्या.

तिरुवनंतपुरमचे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्यासारख्या अनेकांनी वर्षानुवर्षं लावून धरलं, तेव्हा २०१४ साली संसदेनं कायदा बदलला. मॉर्फीन, फेंटानिल, मेथाडोन यांसह सहा औषधांना 'अत्यावश्यक अमली औषधं' असा वेगळा दर्जा मिळाला. २०१५ च्या नियमांप्रमाणे आता एकच मान्यता लागते, राज्याच्या औषध नियंत्रकाची, म्हणजे आपल्याकडं अन्न व औषध प्रशासनाची. अट अशी की त्या रुग्णालयात वेदनाशमनाचं प्रशिक्षण घेतलेला निदान एक डॉक्टर हवा, साठा कुलपात हवा, नोंदी चोख हव्यात. मान्यता तीन वर्षांची असते.

म्हणजे कायदा मोकळा झाला होता. पॅलिएटिव्ह केअरचा, म्हणजे असाध्य आजारात वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या सेवेचा, राष्ट्रीय कार्यक्रम २०१२ पासून आहे. महाराष्ट्राचं धोरणही २०१२ चंच, केरळनंतरचं. २०१८ पासून उपकेंद्रांची आरोग्य वर्धिनी केंद्रं झाली, त्यांच्या बारा सेवांमध्ये वृद्धांची आणि पॅलिएटिव्ह सेवा लिहिलेली आहे. आक्काच्या घरापासून असं केंद्र दीड किलोमीटरवर होतं.

हे सगळं आम्हाला नंतर कळलं. आधी आम्ही काय केलं? निरंकचा कागद जोडून निवेदनं दिली. लोकप्रतिनिधींना, पालकमंत्र्यांना, लोकशाही दिनात जिल्हाधिकाऱ्यांना. मागणी दोन ओळींची: गंभीर आजारी रुग्णांसाठी सरकारनं धोरण करावं आणि जत तालुक्यात हॉस्पिसची, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांना सांभाळायच्या जागेची, इमारत बांधावी. सगळ्यांनी आपुलकीनं घेतलं, पोच दिली, फोटोही निघाले. सात महिने गेले, कागद हलला नाही.

मग एकदा निवृत्त औषध निर्माण अधिकारी, आमच्याच खात्यातले जुने सहकारी, माझ्या घरी चहाला आले. त्यांनी निवेदन वाचलं आणि म्हणाले, "सिस्टर, धोरण बारा सालीच झालंय. जे झालंय ते करा म्हणून मागितलं तर कोण काय देणार? तुम्हाला नक्की कुणाची सही पाहिजे ते आधी ठरवा."

माझ्या दृष्टीनं या सगळ्या प्रकरणातली सर्वांत मोलाची गोष्ट हा प्रश्न आहे.

आम्ही वहीवर साखळी काढली. डॉक्टर मॉर्फीन लिहीत नाहीत, कारण ते रुग्णालयात नाही. औषध भांडार मागणी करत नाही, कारण कुणी लिहीत नाही आणि मान्यताही नाही. मान्यतेचा अर्ज होत नाही, कारण प्रशिक्षित डॉक्टर नाही. प्रशिक्षणाला कुणाला पाठवत नाहीत, कारण 'आपल्याकडं तसे रुग्ण नाहीत'. आणि तसे रुग्ण नाहीत, कारण ते घरी मरतात. वरून पैसा यायचा तो जिल्ह्याच्या वार्षिक आराखड्यातून, राष्ट्रीय आरोग्य अभियानाकडं मागणी गेली तर. मागणी कुणी टाकायची? जिथं रुग्ण निरंक, मागणी निरंक, तिथून ती जाणार कशी? यात कुणी दुष्ट नव्हतं. प्रत्येक जण आपापल्या रकान्यात खरंच लिहीत होता.

म्हणून साखळीच्या तळाशी गेलो. चार गावं घेतली. आशाताई, बचत गटातल्या बायका आणि आक्काची सून यांनी घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांची आणि असाध्य आजारी माणसांची यादी केली. नाव, आजार, कोण सांभाळतं, किती आणे दुखतं, जखम आहे का, लघवीची नळी आहे का, ती शेवटची कधी बदलली. यादी वहीच्या दोन पानांत मावेल असं वाटलं होतं, मावली नाही.

या यादीनं आमचीही समजूत बदलली. मी मॉर्फीन डोक्यात घेऊन निघाले होते. यादीतले बहुतेक जण पक्षाघाताचे, म्हातारपणाचे, किडनी गेलेले, अपघातात पाठीचा कणा मोडलेले निघाले. त्यांना मॉर्फीन नको होतं. त्यांना दर दोन तासांनी कूस बदलून देणारा माणूस, पाण्याची गादी, नळी बदलायला घरी येणारी नर्स हवी होती. मॉर्फीन लागणारे थोडे होते, पण ज्यांना लागत होतं त्यांचे आणे पंधरा-सोळा होते. तेव्हापासून आम्ही मागण्या दोन केल्या आणि त्या कधी एका कागदावर लिहिल्या नाहीत. घरभेटी वेगळ्या अर्जात, मॉर्फीन वेगळ्या अर्जात. दोन्ही एकत्र असले की अवघड मागणी सोप्या मागणीलाही अडवून धरते.

यादीतला आणखी एक रकाना मला रात्री झोपू द्यायचा नाही: सांभाळणाऱ्याची मजुरी. आक्काची सून चार महिने डाळिंबाच्या बागेत कामाला जाऊ शकली नव्हती. संजय गांधी निराधार योजनेत कॅन्सर आणि पक्षाघात दोन्ही बसतात, कॅन्सरच्या रुग्णाला महिना १,५०० रुपये मिळतात. पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत हवं. भागून बघा, दिवसाला अठ्ठावन्न रुपयेसुद्धा होत नाहीत. रोजानं जाणारं कुठलं घर या मर्यादेत प्रामाणिकपणे बसेल? ही मर्यादा तालुक्यात कुणाच्या सहीनं बदलत नाही, ती मुंबईतच बदलायला हवी, आणि तिथं निवेदनच द्यावं लागतं. त्यासाठीची निवेदनं आम्ही थांबवलेली नाहीत.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत यादी वाचली, नावं न घेता. ठराव झाला. गाद्यांसाठी पैसे कुठल्या शीर्षाखाली टाकायचे यावर ग्रामसेवक अडले. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. पक्षाघातानं कायमचं अपंगत्व आलेल्यांची प्रमाणपत्रं काढून आणली आणि पाण्याच्या दोन गाद्या त्या पैशातून घेतल्या. त्या गावाच्या मालकीच्या, एका घरातलं काम झालं की धुऊन दुसऱ्या घरी जातात. केरळचं उदाहरण सगळे देतात. तिथं पंचायती स्वतःच्या नियोजनाच्या पैशातून नर्स आणि गाडी चालवतात, आणि १९९३ पासून कोझिकोडच्या लोकांनी उभी केलेली चळवळ त्यामागं आहे. आमच्या पंचायतीला गाडी परवडणार नव्हती. गादी परवडली.

मॉर्फीनचा अर्ज रुग्ण कल्याण समितीपुढं गेला. वैद्यकीय अधिकारी भले माणूस, पण स्पष्ट म्हणाले, "अफूची वस्तू माझ्या कपाटात ठेवायची आणि एक गोळी कमी भरली तर नोकरी माझी जाणार. मी का घेऊ?" त्यांची भीती खोटी नव्हती. त्या बैठकीत आक्काची सून बोलली, तीन-चार वाक्यं. नाकाखाली बोट धरून बसलेल्या रात्रीचं सांगितलं आणि म्हणाली, "ती झोप चार महिने आधी मिळाली असती तर त्यांनी विहीर दाखवली नसती." खोलीत कुणी हललं नाही. पण होकार तिथं आला नाही. होकार आला त्यानंतर, औषध निर्माण अधिकाऱ्यांनी दोन पानं पुढं ठेवली तेव्हा: दुहेरी कुलपाचं कपाट, किल्ल्या दोघांकडं, रोजची नोंदवही, रिकाम्या स्ट्रिप परत घेतल्याशिवाय नवीन गोळ्या नाहीत, रुग्ण गेला की उरलेल्या गोळ्या मोजून जमा. तिच्या बोलण्यानं त्यांना हो म्हणावंसं वाटलं, आणि या दोन पानांनी हो म्हणता आलं. मी खूप बैठका पाहिल्या आहेत, नुसत्या रडण्यावर किंवा नुसत्या नियमावर काम झालेलं फार क्वचित पाहिलं.

त्यानंतरचं काम कंटाळवाणं होतं. डॉक्टरांचं नाव प्रशिक्षणाला जाणं, ते होणं, मान्यतेचा अर्ज, त्रुटी, पुन्हा अर्ज, तपासणी. जिल्ह्याच्या आराखड्याची वेळ पहिल्यांदा हुकली, कारण तो कधी तयार होतो हे आम्ही विचारलंच नव्हतं. दुसऱ्या वेळी आम्ही यादी आणि ठरावाची प्रत घेऊन वेळेआधी दोन महिने जाऊन बसलो, आणि घरभेटीचं इंधन, नळ्या, ड्रेसिंग यांची ओळ त्यात पडली.

गोळ्या आल्या तेव्हा पहिला रुग्ण शेजारच्या गावचा एक मेंढपाळ होता, मणक्यापर्यंत पसरलेला कॅन्सर. त्याला आणायला जीप लागली नाही, मुलानं दुचाकीवर मध्ये बसवून आणलं. आणे मात्र त्यालाही विचारले. चौदा होते, आठवड्यानं तीन झाले.

मे महिन्यात बदल्या झाल्या. प्रशिक्षण घेतलेले डॉक्टर दुसऱ्या जिल्ह्यात गेले. नवीन आलेल्या मॅडमना काम करायचं आहे, पण प्रशिक्षण नाही, म्हणून लिहिता येत नाही. कपाटात गोळ्या आहेत, दोन्ही किल्ल्या आहेत, मान्यतेची मुदत शिल्लक आहे, आणि यादीतल्या दोन माणसांना सहा आठवडे पुन्हा ट्रॅमाडॉलवर ठेवलं आहे. मान्यतेला एकाच डॉक्टरचं नाव जोडलं ही आमची चूक. प्रत्येक मान्य रुग्णालयात कायम दोन प्रशिक्षित डॉक्टर असावेत आणि बदलीच्या आदेशाआधी तेवढं तपासलं जावं, हा नवा अर्ज गेल्या सोमवारी दिला आहे. मॅडमच्या प्रशिक्षणाचं पत्र निघालं आहे, तारीख पुढच्या महिन्यातली आहे. तोवर सून त्या दोन घरी एक दिवसाआड जाते, जखम बांधते, आणे विचारते आणि वहीत लिहिते.